कोच पाहण्याचा कार्यक्रम

सरांनी चौकशी न करता आयुष्यात एकच गोष्ट केली, ती म्हणजे लग्न, असं काकू म्हणायच्या. बाकी टोस्टरपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सरांच्या घरात चौकशीशिवाय काहीही आलं नाही. मी त्या गावात नोकरीला लागले आणि अपार्टमेंट शोधायला निघाले, तेव्हा सर माझ्याबरोबर आले. मी आत जाऊन किचन, बाथरूम, कपाटं बघत होते. सर खाली पार्किंगमध्ये कचऱ्याच्या डब्यांपाशी उभे होते. मी खाली आले तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "नको. इथले लोक बाटल्या फोडून टाकतात आणि डायपर उघडे टाकतात." मॅनेजर बाईला मराठी कळत नव्हतं, पण मुरडलेलं नाक कुठल्याही भाषेत कळतं. मी दुसरं घर घेतलं. ते सरांनी पास केलं, कारण तिथल्या डब्यात त्यांना मेथीच्या काड्या दिसल्या.

गाव म्हणजे शिकागोच्या दक्षिणेला, मक्याच्या शेतांमध्ये उभं केलेलं एक विद्यापीठ आणि त्याच्या आधारानं जगणारी काही हजार घरं. हिंग संपला तर तीन तास गाडी हाकत शिकागोतला देशी दुकानांचा रस्ता, डेव्हन ॲव्हेन्यू, गाठायचा आणि तिथे पार्किंग मिळेपर्यंत भांडायचं, इतकी आमची संस्कृतीशी जवळीक होती. मी विद्यापीठाच्या आयटी विभागात होते. व्हिसाच्या कागदांवर माझं काम फार भारदस्त शब्दांत लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात मी मोठ्या साहेबांच्या मीटिंगांमध्ये प्रोजेक्टर लावायचे आणि स्पीकरफोन चालू करायचे. म्हणून तर मला हे सगळं बघायला मिळालं. प्रोजेक्टर लावणारी बाई खोलीत आहे, हे मोठ्या माणसांच्या कधी लक्षातच येत नाही.

सर मूळचे अमरावतीचे. नागपुरात शिकले, मग अमेरिकेत आले आणि तीस वर्षं मृदायांत्रिकी शिकवत राहिले, म्हणजे बिल्डिंगखालच्या मातीचा विषय. सुटाखाली पांढरे स्पोर्ट्‌स शूज, जूनमध्येही गळ्यात मफलर. जूनमध्ये काहून, असं विचारलं तर म्हणायचे, "बाहेर जून आहे बापा, आत एसी आहे. मी कुठे बाहेर बसतो?" त्यांना रिकामी खोकी टाकवत नसत. टीव्हीचं, कॉम्प्युटरचं, मिक्सरचं, जे खोकं घरात आलं ते घरातच म्हातारं झालं. त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियात सांता क्लाराला नोकरीला गेला, तेव्हा त्याच्या खोलीत खोकी गेली. मुलगा दर रविवारी फोन करायचा. खोकी मात्र रोज भेटायची.

बास्केटबॉलचं त्यांना काही म्हणजे काही कळत नसे. तरी घरच्या मैदानावरचा एकही सामना त्यांनी चुकवला नाही. वरच्या रांगेत बसून ते पेपर तपासायचे. समोर बारा हजार माणसं छाती फुटेस्तोवर ओरडतायत, बँड वाजतोय, आणि सर लाल पेनानं कुणाच्या तरी पेपरातला मातीचा उतार दुरुस्त करतायत. कारण विचारलं तर सांगायचे, "पूर्ण विद्यापीठात इथला लाइट सगळ्यात चांगला आहे. लायब्ररीतले बल्ब गेलेत, बदलायला पैसे नाहीत म्हणे." खेळावर त्यांनी माझ्यासमोर एकच मत दिलं होतं. "पोरं मेहनती आहेत. पण घाम पुसायला वेगळा माणूस ठेवलाय, हे काही बरं नाही."

टीमचा असिस्टंट कोच मार्कस, त्याची आणि सरांची ओळख झाली तीही पेपरावरूनच. विद्यापीठानं 'माती आणि माणूस' असा एक सोपा कोर्स काढला होता, आणि सोपा कोर्स शिकवायला त्यांना सर सापडले. खेळाडूंना कुणीतरी सांगितलं की प्रोफेसर म्हातारे आहेत, मफलर घालतात, पास करतात. टीममधला सगळ्यात उंच आणि सगळ्यात लाडका मुलगा त्यात बसला, म्हणजे नाव घातलं आणि पुन्हा आलाच नाही. सरांनी त्याला नापास केला. मग फोन सुरू झाले. तेव्हाच्या मोठ्या कोचनं एक माणूस पाठवला, डीननं एक पाठवला, ज्याच्या नावाचं स्टेडियम त्या ट्रक-डीलरनं फळांची टोपली पाठवली. सरांनी फळं विभागात वाटली आणि सगळ्यांना एकच निरोप दिला: मुलगा शिकायला येत असेल तर मी पुन्हा शिकवीन.

दुसऱ्या सोमवारी सकाळी मुलगा आला. त्याच्याबरोबर मार्कस आला, आणि मुलाला सोडून जाण्याऐवजी तोही बेंचवर बसला. पूर्ण सेमिस्टर बसला. नोट्स घेतल्या, प्रश्न विचारले. मुलाला 'सी' मिळाला. परीक्षा मार्कसनंही दिली, हौसेनं. त्याला सरांनी 'बी प्लस' दिला आणि 'ए' का नाही हे त्याला उभं करून समजावलं. त्या दिवसापासून मार्कस सरांच्या घरचा झाला. बारा वर्षं तो असिस्टंटच होता. मुलं आणायची, क्लासला पोचवायची, त्यांच्या आयांना फोन करायचे, ही कामं त्याची. टीव्हीवर ओरडायचं काम मोठ्या कोचचं.

दोन हजार चारच्या मार्चमध्ये मोठा कोच पळाला. पळाला हा शब्द माझा. पेपरात 'नव्या आव्हानाकडे' असं आलं होतं. दुसऱ्या एका विद्यापीठानं दुप्पट पगार दाखवला, आणि गडी उरलेले दोन सामने न खेळवताच विमानात बसला. ते दोन सामने मार्कसनं खेळवले. दोन्ही जिंकले. त्याला 'इंटरिम' म्हणाले. म्हणजे खुर्ची गरम ठेवायला बसवलेला माणूस.

आता इथली रीत सांगते, म्हणजे सगळं नीट समजेल. नवा कोच आला की तो आपली माणसं घेऊन येतो, जुन्या असिस्टंटांना नारळ. म्हणजे मार्कसला कोच तरी केला पाहिजे, नाही तर त्यानं बिऱ्हाड उचललं पाहिजे. त्याची मुलगी नाओमी तेव्हा अकरावीत होती. फिजिक्समध्ये शाळेत पहिली, आणि सरांच्या डायनिंग टेबलवर बसून सरांशी वाद घालणारी गावातली एकमेव व्यक्ती. आयोवातल्या एका छोट्या कॉलेजनं मार्कसला हेड कोच म्हणून बोलावलं होतं आणि उत्तरासाठी मुदत दिली होती. मार्कस अडकला होता. इथे झालं तर मुलीचं बारावीचं वर्ष जागेवर होतं. नाही झालं तर निदान आयोवा हातात होतं.

विद्यापीठानं सात जणांची निवड समिती नेमली. प्राध्यापकांचा प्रतिनिधी म्हणून सर. ज्यानं लाडक्या खेळाडूला नापास केलं तो समितीत असला की पेपरात छान दिसतं, हे क्रीडासंचालकाच्या डोक्यात आलेलं होतं. क्रीडासंचालक म्हणजे खेळाच्या खात्याचा मुख्य. अतिशय गोड माणूस. कुणालाही नाही म्हणायचा नाही, आणि हो म्हटल्याचं कुणाला आठवत नसे. समितीत शिवाय ट्रकवाले शेठ, एक दातांचे डॉक्टर, जे कधी काळी टीममध्ये होते, व्हॉलीबॉलची कोच, एक विद्यार्थी आणि एचआरच्या बाई. शिवाय एक सल्लागार कंपनी होती. तिचा माणूस समितीत नव्हता, तो माझ्या स्पीकरफोनमध्ये होता. नेहमी कुठल्यातरी विमानतळावर असायचा. त्याच्या प्रत्येक सल्ल्यामागे कुणाच्या तरी फ्लाइटची अनाउन्समेंट ऐकू यायची. 'योग्य उमेदवार शोधणं' हे त्या कंपनीचं काम, आणि योग्य उमेदवार कोण हे शेठजी तिला आधीच सांगून टाकायचे. अशा कामाला अमेरिकेत फार मोठी फी असते.

सरांना मात्र नेमणुकीचं पत्र आलं आणि अंगात आलं. मला फोन केला. "अगं, मुलाखती कधी, पत्रिका कुठे?"

"पत्रिका म्हणजे बायोडेटा ना सर?"

"तेच ते. वाचून काय कळतं त्यातून? ते तर त्यानंच लिहिलंय. चौकशी कोण करणार?"

मुलाखती विमानतळाशेजारच्या हॉटेलात. गुप्तता इतकी की उमेदवारांना मागच्या दारानं, हॉटेलच्या किचनमधून आणायचे, कारण लॉबीत पत्रकार बसलेले. लाखांनी पगार मागणारी सहा फुटी माणसं भांड्यांच्या रॅकमधून वाट काढत यायची आणि बाह्यांना पिठाचे डाग घेऊन आमच्यासमोर बसायची. मग सगळे तेच बोलायचे. कुटुंब, संस्कृती, विश्वास. कुणी खेळाबद्दल बोलतच नव्हतं.

शेठजींच्या मनातला उमेदवार तिसरा होता. मी आणि सर आपसात त्याला दंतकांती म्हणायचो. इतके पांढरे दात की प्रोजेक्टर बंद केला तरी चाललं असतं. दक्षिणेतल्या कुठल्याशा कॉलेजला त्यानं खूप सामने जिंकून दिले होते. सगळ्यांचे प्रश्न झाले. सर खुर्चीत पुढे सरकले आणि त्यांनी आपल्याला माहीत असलेला एकमेव निवडीचा कार्यक्रम सुरू केला.

"तुमचे वडील काय करतात?"

एचआरच्या बाईंचा हात कपाळाला गेला. दंतकांती हसला.

"घरी कोण कोण असतं? तुम्ही एकत्र राहता की वेगळे?"

"प्रोफेसर," एचआरच्या बाई म्हणाल्या, "आपण हे विचारू शकत नाही. कायद्यानं. कुटुंब, लग्न, धर्म, वय, काहीच नाही."

"मग विचारायचं काय?" सर खरंच गोंधळले. "उंची?"

ब्रेकमध्ये शेठजींनी त्यांच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "प्रोफेसर, यू आर ए रायट." सरांनी मला हळूच विचारलं की हा शेठ आपल्याला दंगल का म्हणतोय. मी म्हटलं, धमाल माणूस म्हणतायत, कौतुक आहे.

सर कसले ऐकतायत. मुलाखतीत विचारायचं नाही, तर बाहेर विचारू. स्प्रिंग ब्रेकची सुट्टी लागल्यावर त्यांनी काकूंना गाडीत घातलं, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली, आणि दोन दिवस गाडी हाकत दंतकांतीच्या गावी गेले. तिथे तीन दिवस राहिले. काकूंनी नंतर सांगितलं, "मी मोटेलमध्ये स्वेटर विणत बसले, आणि हे गावभर. मला वाटलं पोलीस आणून सोडतील." सर त्याच्या घरमालकाला भेटले. चर्चच्या पाद्र्याला भेटले. त्याच्या हाताखाली खेळलेल्या तीन मुलांच्या आयांना भेटले, त्यांच्या घरी चहा मागून प्यायले. त्या बायकांना हा मफलरवाला कोण ते कळलं नसणार, पण मुलाबद्दल कुणी आपुलकीनं विचारलं की आई बोलते. मग तिथून परत येताना सर वाकडी वाट करून मार्कसच्या आईकडे गेले. मार्कसची चौकशी केली नाही तर पक्षपात झाला असता. त्या म्हातारीनं दोघांना जेवायला घातलं आणि मार्कस लहानपणी चोरून केक खायचा हे सांगितलं. सरांनी तेही टिपून आणलं.

पुढच्या बैठकीत सर उभे राहिले. "हा दात... हा तिसरा माणूस," ते म्हणाले, "आजवर जिथे गेला तिथे दोन वर्षांवर टिकला नाही. मुलांना त्यांच्या आईसमोर सांगतो, चार वर्षं मी तुझ्याबरोबर आहे. मग जातो. गेल्या खेपेला मुलांना टीव्हीवरून कळलं. आणि घर कुठेच घेत नाही, सगळीकडे भाड्यानं. मी माती शिकवतो. पाया घालायचाच नसेल तर मातीला काही विचारू नका, मी घरी जातो."

स्पीकरफोन म्हणाला की आमच्या कंपनीनं रीतसर बॅकग्राउंड चेक केला आहे. त्यात काय पाहिलं, असं सरांनी विचारलं. क्रेडिट आणि दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसेस, स्पीकरफोन म्हणाला, आणि मागे कुणाचीतरी फ्लाइट गेट बदलून गेली.

"प्रोफेसर, हे फार मोलाचं आहे," क्रीडासंचालक म्हणाला. आवाजात मध.

मग मतं घेतली. मी स्वतः पाहिलं. व्हॉलीबॉलची कोच, विद्यार्थी, एचआरच्या बाई, सर, आणि सगळ्यात शेवटी, शेठजींकडे न बघता, दातांचे डॉक्टर. पाच हात मार्कससाठी वर गेले. क्रीडासंचालकानं सगळ्यांचे आभार मानले, समितीची शिफारस विद्यापीठाच्या अध्यक्षांकडे जाईल असं सांगितलं, आणि सँडविच उरलेत ते घेऊन जा म्हणाला.

शिफारस हा शब्द सरांच्या कानावरून गेला. त्यांच्या हिशोबी बैठक बसली होती, थोरामोठ्यांनी दोन्हीकडचं ऐकलं होतं, हात वर झाले होते, आणि कुणी ताटावरून उठून गेलं नव्हतं. आपल्याकडे याला ठरलं म्हणतात. ठरल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणं म्हणजे समोरच्या घराचा अपमान. संध्याकाळी माझ्या दारात हॉर्न वाजला. मागच्या सीटवर काकूंच्या मांडीवर डबा होता. रिकोटा चीज आणि मिल्क पावडर मायक्रोवेव्हमध्ये आटवून त्यांनी पेढे केले होते.

मार्कसच्या बायकोनं, डेनीसनं, दार उघडलं. सर आत गेले, मार्कसच्या तोंडात पेढा घातला आणि मग बोलले, "काँग्रॅच्युलेशन्स. इट इज डिसायडेड."

मार्कसला बोलता येईना, कारण तोंडात पेढा. तो गिळून म्हणाला, "डिसायडेड? कोणी सांगितलं?"

"मी सांगतो. सात माणसं बसली, पाच माणसांनी हात वर केले. याच्यापेक्षा जास्त काय ठरायचं असतं?"

"पण मला अजून कुणाचा फोन नाही आला, प्रोफेसर. उद्या सकाळी मला आयोवाला उत्तर द्यायचंय."

"मग द्या ना. नाही म्हणून सांगा. दोन घरी शब्द ठेवणं बरं नाही."

डेनीसनं मार्कसकडे पाहिलं, मार्कसनं माझ्याकडे पाहिलं. मीही हात वर जाताना पाहिले होते, मीही मान डोलावली. मग डेनीस खुर्चीत बसून रडायला लागली आणि नाओमीनं वरच्या मजल्यावरून ओरडून विचारलं, "डू आय गेट टू स्टे?" सर खालून तेवढ्याच जोरात ओरडले, "येस! अँड डू युवर होमवर्क!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्कसनं आयोवाला फोन करून नकार कळवला.

त्यानंतर दोन दिवसांनी शेठजींचं खासगी विमान दक्षिणेकडून परत आलं. टीमच्या इंटरनेटवरच्या मेसेज बोर्डवर गावातले लोक त्या विमानावर डोळा ठेवून असायचे. कुणाचा तरी मेव्हणा विमानतळावर गवत कापायचा, त्यानं बातमी टाकली. विमान म्हणे समितीच्या बैठकीच्या आदल्या दिवशीच एकदा जाऊन आलं होतं. म्हणजे पाच हात वर जात होते, तेव्हा दंतकांतीची सही वाळलेली होती. आम्ही हॉटेलात बसून जे केलं त्याला मराठीत काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण घरात लहान मुलं वाचतात.

पत्रकार परिषद स्टेडियममध्ये झाली. बँड होता, नाचणाऱ्या मुली होत्या, मी प्रोजेक्टर लावला होता. दंतकांतीनं आमच्या रंगाची टोपी घातली आणि त्याचा गळा भरून आला. लहानपणापासून याच विद्यापीठाचं स्वप्न पाहत होतो, असं म्हणाला. आमचं विद्यापीठ कुठल्या राज्यात आहे ते मुलाखतीच्या दिवशी त्यानं मला विचारून घेतलं होतं. शेठजींनी त्याला ट्रकची किल्ली दिली. बाहेर वाटलेल्या माहितीपत्रकात एक पान विविधतेचं होतं, आमच्याकडे काळेगोरे सगळे आहेत हे दाखवायला. त्यावर मार्कसचा छान मोठा फोटो होता. फोटो ठेवला, माणूस काढला.

सर तडक क्रीडासंचालकाच्या ऑफिसात गेले. मी तिथेच वायर गुंडाळत होते.

"मतं घेतली होती ना?"

"समिती सल्ला देण्यापुरती होती, प्रोफेसर. पत्रात लिहिलंय."

"मग सात माणसांना दुपारभर बसवलं कशाला?"

त्या दिवशी पहिल्यांदाच तो माणूस सरळ बोलला. "कारण प्रोसेस लागते, प्रोफेसर. कुणी विचारलं तर दाखवायला लागते."

सर मफलर आवळून दाराकडे वळले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "चल, मार्कसकडे जायचंय." मी म्हटलं, आज नको, उद्या जाऊ. तर माझ्यावर खेकसले. "हो सांगायला मीच गेलो होतो ना? मग नाही सांगायला कोण जाणार? हा गोड्या?"

पण टीव्ही आमच्या आधी पोचला होता. मार्कस दारातच उभा होता. सर तोंडपाठ करून आणलेलं इंग्रजी वाक्य दारात आल्यावर विसरले.  शेवटी एवढंच म्हणाले, "मी तुझ्या घरात येऊन शब्द दिला. माझी चूक आहे. मी सगळ्या जगाची चौकशी केली, माझ्याच समितीची नाही केली."

मार्कसनं सरांना आत घ्यायला दार पूर्ण उघडलं. रागावला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. मग म्हणाला, "प्रोफेसर, बारा वर्षं मी या लोकांचं काम केलं. आज त्यांच्यातला एकही मला नाही सांगायलासुद्धा आला नाही. तुम्ही दोन्ही वेळा आलात."

मला तिथे उभं राहवेना. सर मात्र अशा वाक्यांनी विरघळणारे नव्हते. "ते ठीक आहे," ते म्हणाले, "त्यानं तुझी नोकरी परत येत नाही." आणि आत जाऊन त्याच्याच फोनवरून त्यांनी आयोवाला फोन लावला. स्वतःची ओळख 'मार्कसच्या वडिलांच्या ठिकाणी' अशी करून दिली. पलीकडचा माणूस क्षणभर गारच पडला असणार. हेड कोचची जागा आदल्याच दिवशी भरली होती. पण नव्या कोचला हाताखाली माणूस हवा होता. पुन्हा असिस्टंट, पगार कमी. मार्कस हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

जिन्यावर नाओमी बसली होती. रडत नव्हती. "सो वुई आर मूव्हिंग," एवढंच म्हणाली.

मी सरांना अनेकदा चिडलेलं पाहिलं होतं, पण त्या क्षणी ते घाबरलेले दिसले. नोकरी गेली, पगार गेला, ते सगळं त्यांना कळत होतं. पण हे भलतंच होतं. "बारावीच्या वर्षात?" ते मराठीतच म्हणाले. मग इंग्रजीत. "बारावीच्या वर्षात कुणी मुलीला शाळेतून उचलतं का? ती कुठेही जाणार नाही. ती आमच्याकडे राहील."

डेनीस म्हणाली की प्रोफेसर, हे फार होतं, आम्ही असं कसं मागू. सरांना तो प्रश्नच समजला नाही. ते स्वतः नागपुरात मामाकडे राहून शिकले होते. मामाकडे त्याच वेळी आणखी तीन जणांची पोरं होती. कुणी कुणाला मागितलं नव्हतं. शाळा जिथे, पोर तिथे, एवढा साधा हिशोब. घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, "मग ती खोकी कोण काढणार?"

सरांनी काढली. दोन दिवस लागले. प्रत्येक खोकं उघडून, आत बघून, सपाट करून बाहेर ठेवत होते. मिक्सरच्या खोक्यापाशी जरा थांबले. पण ठेवलं तेही बाहेर.

मग त्या घरात बारावी सुरू झाली. ज्यांच्या घरात हे वर्ष झालंय त्यांना सांगायला नको. केबल टीव्ही बंद केला. गणपतीच्या नाटकाची तालीम सरांच्या बेसमेंटमध्ये व्हायची, ती दुसरीकडे हलवली. मला सांगण्यात आलं की येण्याआधी फोन कर, आणि फोन आठाच्या आत कर. काकू रोज सकाळी भिजवलेले बदाम नाओमीच्या हातावर ठेवायच्या. "काकू, आय हेट आमंड्‌स," ती म्हणायची आणि खायची. दहीभातावर हॉट सॉस घालायची, ते सर दुसरीकडे बघून सहन करायचे. मार्कस आणि डेनीस दर पंधरवड्याला आयोवाहून यायचे आणि आपल्याच मुलीला भेटायला सरांची वेळ घ्यायचे. एकदा मार्कस मला म्हणाला, "मी मुलांना बारा वर्षं क्लासला पोचवलं. पण हा माणूस, यार..." यार हा शब्द तो माझ्याकडून शिकला होता.

मधल्या काळात दंतकांतीनं पुष्कळ सामने जिंकले. ते मान्य केलं पाहिजे. सर एकाही सामन्याला गेले नाहीत. पेपर घरीच तपासायचे, टेबल लॅम्प विकत आणून. अर्थातच चौकशी करून.

एप्रिल आला आणि दंतकांती गेला. त्याच्या लहानपणापासूनचं स्वप्न असलेलं आणखी एक विद्यापीठ निघालं. ट्रक इथेच सोडून गेला, तेवढा सज्जनपणा. पेपरवाल्यांनी या वेळी मागच्या समितीचं काय झालं ते शोधून छापलं, आणि विद्यापीठाची थोडी पंचाईत झाली. नवी समिती नेमायची, सल्लागार कंपनी तीच, पण या वेळी लोकांना दाखवायला एक खरा माणूस हवा. म्हणून खुद्द विद्यापीठाच्या अध्यक्षांनी सरांच्या घरी फोन केला. मी काकूंना त्यांच्या रक्ततपासणीचे रिपोर्ट प्रिंट करून द्यायला गेले होते, परवानगी काढून. नाओमीला चांगल्या कॉलेजात ॲडमिशन मिळून महिना झाला होता. पण मे महिन्यातल्या परीक्षा व्हायच्या होत्या, आणि रिझल्ट लागेपर्यंत बारावी संपत नाही, यावर सर ठाम होते.

अध्यक्ष बराच वेळ बोलत होते. सर मफलर नीट करत ऐकत होते. समितीचं अध्यक्षपद देऊ, या वेळी समितीचा शब्द शेवटचा राहील, असं काहीतरी चाललं असावं. क्षणभर मला वाटलं, सर हो म्हणणार. चेहरा तसा झाला होता.

"थँक यू सर," ते म्हणाले, "पण यंदा जमणार नाही. आमच्या घरी मुलगी बारावीला आहे."

पलीकडून काहीतरी आश्चर्यानं विचारलं गेलं. सरांनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"नाही नाही, तो मुलगा. तो कॅलिफोर्नियात असतो. मी धाकटीचं सांगतोय."